टेनर गिटार घेताना : २१ इंच की २३ इंच?

टेनर गिटार म्हणजे चार तारांची, अरुंद मानेची गिटार. एवढं कळल्यावर माणूस उत्साहाने ऑनलाइन शोधायला बसतो आणि ‘स्केल लेंग्थ’ (तारेची वाजणारी लांबी) या रकान्यापाशी अडतो. कुठे २१ इंच, कुठे २२.७५, बहुतेक ठिकाणी २३. दोन इंचांनी असा काय फरक पडणार, म्हणून तो रकाना सोडून देऊन लाकूड, रंग आणि किंमत बघायला लागतो. पुढे तारा सारख्या तुटतात, नाहीतर करंगळी पोचत नाही, नाहीतर खालची तार फडफडते. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा त्या सोडून दिलेल्या रकान्यात असतं.

माझं मत आधीच सांगतो. लांबी हा पहिला प्रश्न नाही. आधी ट्यूनिंग (म्हणजे चार तारा कोणत्या सुरांना लावायच्या), मग तुमचा हात आणि मग लांबी. या क्रमाने गेलं की २१ की २३ हा वाद निम्म्याहून अधिक आपोआप मिटतो.

मुळात ही लांबी आली कुठून

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये टेनर बँजोची चलती होती. चार तारा, खालच्या सुरापासून वर सी-जी-डी-ए अशा पंचमाच्या अंतराने लावलेल्या. दशकाच्या अखेरीस लोकांचा कल गिटारच्या मऊ आवाजाकडे झुकला आणि बँजोवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला : हयातभर बसवलेली बोटं मोडायची कशी? मार्टिन, गिब्सन वगैरे कंपन्यांनी तोडगा काढला. गिटारचं पोट आणि बँजोची मान. वादकाने फक्त वाद्य बदलायचं, बोटं तीच. फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्या संख्येवरून टेनर बँजोमध्येच दोन घराणी होती, १७ फ्रेटचा आखूड (साधारण २० ते २१ इंच) आणि १९ फ्रेटचा लांब (२२ ते २३ इंच). टेनर गिटारलाही हाच पसारा वारशाने मिळाला. पुढे २३ इंचाने बाजी मारली. आज ब्लूरिज बीआर-४०टी, गोल्ड टोन टीजी-१० किंवा ईस्टवूडच्या इलेक्ट्रिक टेनर पाहिल्या, तर सगळ्या २३च्या आसपासच घुटमळतात. आखूड टेनर मिळते ती बहुधा जुन्या बाजारात किंवा कारागिराकडून करून घेतलेली.

हे वाद्य फक्त बँजोवाल्यांचं राहिलं नाही. डेलमोर ब्रदर्स या कंट्री गाणाऱ्या जोडीतला रेबन डेलमोर टेनरवर गाण्यांची साथ करायचा, किंग्स्टन ट्रिओ या लोकगीतं गाणाऱ्या त्रिकुटातला निक रेनल्ड्स मार्टिनची ०-१८टी वाजवायचा, आणि जॅझमध्ये टायनी ग्राइम्स इलेक्ट्रिक चौतारीवर एकेका सुराची वादळं उठवायचा. त्याने तारा मात्र गिटारसारख्या डी-जी-बी-ई लावल्या होत्या. वाद्य एकच, पण ट्यूनिंग वेगळं असलं की वाद्याची गरजही वेगळी होते.

पायरी पहिली : मोजा, जाहिरातीवर जाऊ नका

स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (पोटावरचा तारांचा आधार) तारेची कंप पावणारी लांबी. पण नट ते ब्रिज असं सरळ मोजलंत तर आकडा किंचित जास्त येतो, कारण फ्रेटवर दाबताना सूर चढतो, त्याची भरपाई म्हणून सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवलेलं असतं. बिनचूक पद्धत एकच : नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २९२ मिलिमीटर आले तर स्केल ५८४, म्हणजे २३ इंच. २६६-२६७ आले तर २१ इंच.

जुनं किंवा वापरलेलं वाद्य दूरवरून घेणार असाल, तर विकणाऱ्याला फूटपट्टी लावलेला फोटो मागा. ‘टेनर साइझ आहे साहेब’ या उत्तराला काही अर्थ नाही. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत ‘टेनर’ शब्दाने शोधलं की अर्ध्या गोष्टी टेनर उकुलेले निघतात. त्यांचं स्केल जेमतेम १७ इंच असतं, तारा नायलॉनच्या. बॅरिटोन उकुलेले १९-२० इंचांची असते, तिला चार तारा असतात आणि ती डी-जी-बी-ई लावतात, त्यामुळे ती टेनर गिटारची धाकटी बहीण वाटते. तिच्यावर स्टीलच्या तारा चढवायचा मोह आवरा. तो ताण सोसायला ती बांधलेलीच नसते, ब्रिज उखडून हातात येईल.

पायरी दुसरी : ट्यूनिंग ठरवा

टेनरवर मुख्यतः तीन ट्यूनिंग चालतात.

सी-जी-डी-ए हे मूळचं. वरची ए तार ४४० हर्ट्झची, म्हणजे ट्यूनरवर जो संदर्भाचा ए असतो तोच. आवाज उघडा, खणखणीत.

जी-डी-ए-ई म्हणजे मेंडोलिन किंवा व्हायोलिनचंच ट्यूनिंग, एक सप्तक खाली. टेनर बँजोवर हे ट्यूनिंग रुळवलं ते आयर्लंडच्या बार्नी मॅकेनाने, आणि आयरिश धुना वाजवणारे गिटारवरही तेच लावतात. गोव्यात किंवा मुंबईत लहानपणी व्हायोलिन-मेंडोलिन शिकलेला कुणी असेल, तर त्याच्यासाठी हे आयतंच घर आहे. सुरांच्या जागा पाठच असतात.

डी-जी-बी-ई म्हणजे सहा तारांच्या गिटारच्या वरच्या चार तारा. गिटार येत असेल तर काही नवं शिकायला नको. पण मग चार तारांचं वाद्य घ्यायचं कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. छोटेखानी आवाज, अरुंद मान, प्रवासाला सोयीचं, ही उत्तरं प्रामाणिक आहेत. मात्र या वाद्याची खरी मजा पंचमाच्या ट्यूनिंगमध्ये आहे, असं माझं पक्कं मत आहे. कारण बघा : तारा पंचमाने लावल्या की सा रे ग म एका तारेवर येतं आणि प ध नी सां पुढच्या तारेवर, अगदी त्याच फ्रेटवर. खुल्या तारेला सा धरा : ०, २, ४, ५. पुढच्या तारेवर पुन्हा ०, २, ४, ५. बिलावल संपला. दुसऱ्या फ्रेटवर सा हवा? २, ४, ६, ७ आणि पुन्हा २, ४, ६, ७. पेटीवर किंवा बासरीवर सरगम घोकलेल्या माणसाला ही गोष्ट एका बैठकीत उमगते.

पायरी तिसरी : लांबी कशाने बांधली जाते

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात, तर कारागीर आधी विचारतो, गाणारा पुरुष की बाई, पट्टी कोणती? मर्दानी तंबोरा लांब, जनानी आखूड, कारण तारेची लांबी आणि तिने द्यायचा सूर यांची सोयरीक जमावी लागते. टेनर गिटारचंही तसंच आहे, फक्त इथे वरची मर्यादा फार कडक आहे.

ती मर्यादा घालते सी-जी-डी-एमधली ए तार. पुष्कळांना वाटतं, तार तुटते कारण ती बारीक आहे. जाड घातली की टिकेल. तसं होत नाही. जाड तार त्याच सुराला आणायची तर ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो, त्यामुळे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार जवळपास तेवढाच राहतो. तार तुटणार की नाही हे जाडी ठरवत नाही, लांबी आणि सूर ठरवतात. २३ इंचांवर ४४०चा ए लावला की पोलादी तार आपल्या ताकदीच्या जवळपास ऐंशी टक्क्यांवर काम करत असते. साध्या गिटारच्या साडेपंचवीस इंचांवर तोच सूर लावायला गेलात तर तार मर्यादेला टेकते आणि खुंटी पिळता पिळताच जाते. टेनर गिटार साध्या गिटारइतकी लांब का नसते, याचं उत्तर इथे आहे. उलट २१ इंचांवर तीच ए तार मेंडोलिनच्या वरच्या ई तारेइतकाच भार सोसते, म्हणजे निवांत.

म्हणून सी-जी-डी-एसाठी २३ इंच ही वरची सुरक्षित हद्द धरा. त्या लांबीवर तार बदलताना घाई नको, डोळ्यांवर चष्मा असलेला बरा, आणि ए तार एक-दोन सूर वर चढवून बघण्याचा खेळ अजिबात नको.

आता दुसरं टोक. जी-डी-ए-ईमध्ये सगळ्यात खालची तार ९८ हर्ट्झची. इथे तार तुटायचा प्रश्नच नाही, प्रश्न उलटा आहे : आखूड मानेवर ती सैल पडते. जोरात छेडली की फ्रेटवर आपटते, सूर आधी वर चढतो आणि मग खाली येतो. जाड तार घातली की ताण भरून निघतो, पण जाड आखूड तार गुबगुबीत वाजते, तिच्यात धार राहत नाही. त्यामुळे जी-डी-ए-ई वाजवणार असाल तर २३च घ्या, निदान साडेबावीसच्या खाली उतरू नका. डी-जी-बी-ईला कुठलीही लांबी चालते.

एकच तार, तोच सूर, फक्त लांबी २३वरून २१ केली तर ताण साधारण एक षष्ठांशाने घटतो. दहाची तार (०.०१० इंच) २३ इंचांवर ए लावली तर ताण साधारण १०.७ किलो, २१ इंचांवर ८.९ किलो. २१वर अकराची तार लावली की परत १०.७. म्हणजे आखूड मान घेतली की तारा एक नंबर जाड घ्यायच्या, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायरी चौथी : हात मोजा, घरच्या गिटारवरच

आपल्याकडे दुकानात टेनर गिटार हातात घेऊन बघायला मिळणं दुर्मीळच. पण त्यासाठी अडून राहायचं कारण नाही. घरात किंवा मित्राकडे साधी गिटार आणि कॅपो (फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असेल, तर दोन्ही लांब्या एका संध्याकाळी बोटांखालून घालता येतात.

आधी गिटारचं स्केल वर सांगितल्याप्रमाणे मोजा. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की उरलेली लांबी मूळच्या ०.८९१ पट होते, तिसऱ्यावर ०.८४१ पट. ६५० मिलिमीटरची गिटार असेल तर दुसऱ्या फ्रेटवर ५७९ (सुमारे २२.८ इंच) आणि तिसऱ्यावर ५४७ (साडेएकवीस). आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या यामाहा एफ३१०चं स्केल ६३४ मिलिमीटर आहे. तिच्यावर तिसऱ्या फ्रेटला बरोबर २१ इंच येतात.

आता पाचवी आणि दुसरी तार काढून ठेवा. सहावी, चौथी, तिसरी आणि पहिली, अशा चार उरल्या. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा, ट्यूनर चालू करा आणि या चार तारा क्रमाने जी, डी, ए, ई अशा आणा. कॅपो काढून पाहिलंत तर सहावी तार ईवरून एफ झालेली असेल, म्हणजे अर्धाच सूर वर. चौथी डीवरून सी, तिसरी जी जागच्या जागी, पहिली ईवरून डी. एवढ्याने कुठलीही तार तुटत नाही. तारांमधली अंतरं विषम राहतील, दोन ठिकाणी मोठी फट दिसेल. तिकडे काणाडोळा करा. आपण रुंदी मोजत नाही, लांबी मोजतो आहोत.

आता कॅपोपासून मोजून सहाव्या तारेवर २, ४, ६, ७ वाजवा : तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. मग तसंच चौथ्या तारेवर. सा रे ग म, प ध नी सां. हात न सरकवता. दुसऱ्या फ्रेटपासून सातव्यापर्यंतचं अंतर २३ इंचांच्या मानेवर १३० मिलिमीटर पडतं, २१ इंचांवर ११९. मेंडोलिनवर हेच अंतर जेमतेम ७९ मिलिमीटर असतं. कागदावर ११ मिलिमीटरचा फरक क्षुल्लक दिसतो. करंगळी सातव्या फ्रेटच्या मागे नीट टेकते की फ्रेटच्या अलीकडे घसरून खरखरते, हे त्या ११ मिलिमीटरवरच ठरतं.

पाच-सहा आवर्तनं करा आणि मनगट काय सांगतंय ते ऐका. अंगठा मानेच्या वरच्या कडेवर चढलेला असेल तर आधी तो मानेच्या पाठीमागे मध्यावर आणा. निम्म्या लोकांची करंगळी एवढ्यानेच पोचते. मग कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकवा, ट्यूनरवर पुन्हा जी-डी-ए-ई आणा आणि तेच वाजवा. आधीच्या खेपेला ओढ लागत होती आणि आता हात सैल पडला असेल, तर आखूड मान तुमच्यासाठी. दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही तर २३वर डोळे मिटून जा, कारण निवड तिथेच जास्त आहे.

मेंडोलिनवाल्यांना एक वेगळी सूचना. तुमची एका बोटाला दोन फ्रेट ही सवय २३ इंचांवर सरसकट चालत नाही. खालच्या भागात एका बोटाला एक फ्रेट धरून हात सरकवावा लागतो, चेलो वाजवणारे करतात तसा. सवय व्हायला थोडे दिवस जातात. हे नकोच असेल तर २१ इंच आणि सी-जी-डी-ए ही जोडी बघा, तिथे मेंडोलिनची बोटं बऱ्यापैकी तग धरतात.

एक धोक्याची सूचनाही इथेच देतो. साध्या गिटारवर हा प्रयोग जी-डी-ए-ईनेच करा, सी-जी-डी-एने नाही. कॅपो लावलेला असला तरी पहिली तार खुंटीपर्यंत सलग ताणली जाते, आणि घरच्या गिटारवर बहुधा बाराचा किंवा अकराचा संच (पहिली तार ०.०१२ किंवा ०.०११ इंचाची) असतो. ती तार ४४०च्या एला चढवणं म्हणजे तारेवर आणि ब्रिजवर विनाकारण जुलूम.

सी-जी-डी-एच ऐकायचं असेल तर

त्यालाही स्वस्तातला मार्ग आहे. लहान मुलांसाठी किंवा प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या गिटारी बघा. यामाहा जेआर मालिकेचं स्केल ५४० मिलिमीटर, म्हणजे सव्वाएकवीस इंच. लिटल मार्टिनचं २३ इंच. बेबी टेलरचं २२.७५. टेनरच्या दोन्ही टोकांच्या लांब्या या तीन वाद्यांतच सापडतात, आणि ओळखीपाळखीत यांतली एखादी पडून असण्याची शक्यता टेनरपेक्षा शंभर पटींनी जास्त.

अशा गिटारवर दहाचा एक्स्ट्रा लाइट संच आणा. त्याच्या पहिल्या चार तारा बहुधा ०.०१०, ०.०१४, ०.०२३ आणि ०.०३० असतात. त्या आपापल्या नेहमीच्या खाचांत बसवा, पाचवी-सहावी लावूच नका, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत ए, डी, जी, सी अशा सुरांना आणा. खाचा त्याच जाडीच्या तारांसाठी कापलेल्या असल्याने तार डुगडुगत नाही. चारही तारा मानेच्या एका बाजूला राहतात, दिसायला विचित्र दिसतं, पण प्रयोगापुरतं काही बिघडत नाही. २३ इंचांवर हा संच मस्त बसतो : ए सुमारे १०.७ किलो, डी ९.३, जी १०.३, सी ८च्या आत. सगळा मिळून ३८ किलो. साध्या गिटारचा बाराचा संच सत्तरच्या वर जातो, त्यामुळे वाद्याला त्रास होईल ही भीती नको.

५४० मिलिमीटरच्या गिटारवर मात्र हाच संच खालच्या सी तारेवर मऊ वाटेल. तिथे अकराच्या संचातल्या पहिल्या चार घ्या (०.०११, ०.०१५, ०.०२२, ०.०३२). टेनर घेतल्यावरही हीच युक्ती कायम कामाला येते. खास टेनरचा तारसंच आपल्याकडे दर वेळी मिळेलच असं नाही. दहाचा आणि अकराचा संच मात्र गिटारच्या कुठल्याही दुकानात असतो. उरलेल्या पाचव्या-सहाव्या तारा फेकू नका.

त्या लागतात जी-डी-ए-ईला. २३ इंचांवर ई बाराची, ए वीस किंवा बावीसची गुंडाळलेली, डी तीस-बत्तीसची, जी बेचाळीस ते सेहेचाळीसची. पण सी-जी-डी-एसाठी तयार केलेल्या वाद्यावर हा संच चढवायचा तर नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. अरुंद खाचेत जाड तार कोंबली की ती वर अधांतरी राहते आणि पहिल्याच फ्रेटवर बेसूर होते. खाच कापणं दिसायला सोपं, पण एकदा खोल गेली की नवा नट. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. आणि एकदा कापलं की परत सी-जी-डी-एवर येताना बारीक तारा त्या खाचांत हलतील, हेही ध्यानात असू द्या. म्हणूनच ट्यूनिंग आधी ठरवा असा सुरुवातीपासून घोशा लावला आहे.

आवाजाचं काय?

लांब मानेचा आवाज लख्ख, सूर जास्त वेळ टिकतो, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. आखूड मानेचा आवाज गोडसर, पटकन उमटतो आणि पटकन विरतो. मींड ओढणाऱ्याला आखूड मान आवडते, कारण त्याच जाडीची तार तिथे सैल असते. मात्र तोच सैलपणा नवशिक्याला नडतो : बोट जरा जास्त दाबलं की सूर चढतो, आणि कॉर्ड धरल्यावर ‘ट्यूनरवर तर बरोबर होतं’ असं म्हणायची पाळी येते. हात जड असेल तर लांब मान जास्त माफ करते.

याउपर आवाजावरून लांबी निवडू नये. पोटाचा आकार, वरची फळी आणि तारांचं वय यांचा आवाजावर होणारा परिणाम दोन इंचांपेक्षा कितीतरी मोठा असतो. जुन्या तारांची लांब टेनर आणि कोऱ्या तारांची आखूड टेनर शेजारी ठेवून ‘आखूडच खणखणीत वाजते’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात.

पायरी पाचवी : वाद्य हातात आल्यावर

बाराव्या फ्रेटपासून मोजून स्केल पडताळा. मान पोटाला कितव्या फ्रेटवर जुळते ते बघा. बाराव्यावर जुळत असेल तर ब्रिज पोटात आत सरकतो आणि पहिला फ्रेट शरीराच्या जवळ येतो. चौदाव्यावर जुळत असेल तर हात जास्त लांब न्यावा लागतो. त्यामुळे २३ इंचांच्या दोन गिटारी मांडीवर घेतल्यावर वेगवेगळ्या लांबीच्या वाटू शकतात. खांदा दुखत असेल तर दोष स्केलवर टाकण्याआधी हे तपासा. नटची रुंदी टेनरला साधारण ३२ मिलिमीटर असते. बोटं जाड असलेल्यांनी ३४-३५ची मिळाली तर सोडू नये.

मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर गेल्यावरही सूर नेमके लागतात का ते. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर) वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर हलक्या हाताने दाबून वाजवा. ट्यूनरचा काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला पाहिजे. दाबलेला सूर चढा लागत असेल तर सॅडल पुढे आहे किंवा तारा फार उंचावर आहेत. आखूड मानेवर उंच तारांचा त्रास जास्त जाणवतो. जुन्या टेनरमध्ये ब्रिज नुसता टेकवलेला, सरकता असेल तर तो आपणच मिलिमीटरभर मागे-पुढे करून बघता येतो. चिकटवलेला असेल आणि चारही तारा चढ्या लागत असतील, तर विकत घेण्याआधी दुरुस्तीचा खर्च विचारा आणि तो किमतीतून वजा करून बोला.

शेवटी ए तार. वाद्य २३ इंचांचं असेल आणि ही तार आठवड्याभरात दोनदा गेली, तर ती कुठे तुटली ते नीट बघा. खुंटीपाशी, नटच्या खाचेत की सॅडलवर? दोन्ही वेळा एकाच जागी तुटली असेल तर दोष लांबीचा नाही, तिथे धातूची किंवा हाडाची टोकदार कड आहे. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून ती कड हलकेच घासा, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं फिरवा आणि नवी तार लावा. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर तुमचा ट्यूनर ४४०वर आहे की कुणी ४४५वर नेऊन ठेवलाय, ते तपासा. तोही ठीक असेल तर ट्यूनिंग सूरभर खाली, बी-फ्लॅट-एफ-सी-जी असं लावा आणि मूळ सुरात गायचं असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवा.